इंटरेस्ट नसलेला माणूस

“पण भंते, ही आसक्तीच नव्हे का?”

प्रश्न टेंभुर्णे सरांचा होता. भंते ज्ञानरक्षित नुकतेच फाट्यावरून चालत परतले होते आणि विहाराच्या पायरीवर बसून पायांची धूळ पुसत होते. ऊन कलायला लागलं होतं. समोरच्या तलावातून मासे धरून परतणाऱ्या ढिवरांचे डोंगे काठाकडे येत होते.

“कुठली?” भंतेंनी विचारलं.

सर म्हणाले, विहारात येईल त्याला तुम्ही घरचं सगळं विचारत बसता. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची म्हैस आटली, कुणाची सून बाळंतपणाला गेली. आज तर कहर केलात. या वयात, भर उन्हात, माझ्या मुलीला बसवर बसवून द्यायला फाट्यापर्यंत गेलात. ज्यानं घर सोडलं त्यानं दुसऱ्यांच्या घरात इतकं शिरावं का?

भंते पाय पुसत राहिले.

“बस उशिरा आली आज,” ते म्हणाले. “बरं झालं.”

मनोहर टेंभुर्णे भंडाऱ्याकडच्या एका कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवत आले होते. सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांत मुलं घोटाळा करतात, त्या शब्दांवर त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. स्पर्धा परीक्षेची मुलं ते अजून शोधत येत. सर निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांची पत्नी कुसुम गेली. आजार लांबला होता. मग ते या विहारात शिबिराला म्हणून आले ते राहूनच गेले. डोकं मुंडवलं, श्रामणेराचं, शिकाऊ भिक्षूचं चीवर घेतलं. आता त्यांना उपसंपदा हवी होती, म्हणजे भिक्षूची पुरती दीक्षा. विषय निघाला की भंते म्हणत, बघू.

गावातली माणसं सरांना त्यांच्या नव्या धम्मनावानं हाक मारायला शिकली होती. भंते मात्र अजून ‘सर’च म्हणत. सरांना ते जरा खुपायचं.

तरी दोघांची एक गोष्ट छान जमली होती. भंते दहावीच्या पुढे शिकलेले नव्हते, पण इंग्रजी शब्दांची त्यांना लहान मुलासारखी हौस होती. संध्याकाळची वंदना झाली की ते सरांकडून शब्दांची एखादी जोडी समजावून घेत. दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोलताना त्यातला नेमका चुकीचा शब्द वापरत, आणि सरांनी दुरुस्त केलं की खळखळून हसत.

त्या दिवशी सकाळी सरांची मुलगी आली होती. उत्पला त्यांचं एकुलतं एक अपत्य. तासाभराच्या अंतरावरच्या ग्रामीण रुग्णालयात ती नर्स होती. आईच्या आजारपणात हिचं लग्नाचं वय निघून गेलं, असं नातेवाईक म्हणत. तिनं स्वतः तसं कधी म्हटलं नव्हतं.

तिला काहीतरी विचारायचं होतं. ते बसमध्ये मनाशी जुळवत आली असावी, कारण पिंपळाखाली बसल्याबरोबर ती बोलायला लागली. सरांनी डोळे अर्धे मिटून घेतले. ती बोलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सुरुवात करत होती. तिचं बोलणं संपलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “तुझं तू ठरव. मला आता कशातच इंटरेस्ट राहिलेला नाही.”

“बरं, बाबा,” ती म्हणाली.

तिनं वाकून वंदन केलं आणि जेवण्यासाठीही न थांबता निघाली. हातपंपावर तिनं तोंड धुतलं. त्याला फार वेळ लागला. भंते दुरून पाहत होते. त्यांनी चपला शोधल्या, छत्री घेतली आणि तिच्याबरोबर चालायला लागले.

ते परत आले ते आत्ता.

सर अजून उभेच होते. आसक्तीचा प्रश्न उत्तरावाचून राहिला होता, पण त्यांना दुसरंच काही सांगायचं होतं. सांगताना त्यांच्या आवाजात एक समाधान होतं. सकाळी मुलगी समोर बसून बोलत होती आणि त्यांचं मन जरासुद्धा हललं नव्हतं. पूर्वी तिचा नुसता फोन आला तरी ते हातातलं काम टाकून उठायचे. आज काही नाही. कुठलीतरी अनोळखी बाई बोलतेय असं वाटलं.

“याला इंग्रजीत फार नेमका शब्द आहे, भंते. डिसइंटरेस्टेड.”

भंतेंचा चेहरा खुलला. शब्द नवा होता.

“डिस... इंटरेस्टेड,” त्यांनी म्हणून पाहिलं. “म्हणजे ज्याला इंटरेस्ट नाही तो?”

सरांना हसू आलं. ते पायरीवर बसले. इतक्या वर्षांत प्रत्येक वर्गानं हीच चूक केली होती, आणि ती दुरुस्त करताना त्यांना दर वेळी तितकाच आनंद झाला होता.

नाही, ते म्हणाले. ज्याला गोडी नाही, ज्याचं लक्ष नाही, तो अनइंटरेस्टेड. डिसइंटरेस्टेड वेगळा. त्याचा स्वतःचा काही लाभ त्यात गुंतलेला नसतो. अमुकच व्हावं असा त्याचा हट्ट नसतो. पहिला कंटाळलेला असतो, दुसरा निःस्वार्थी, निःपक्षपाती. शब्दांचा तोंडावळा सारखा आहे, म्हणून वर्तमानपत्रवालेसुद्धा फसतात.

“उदाहरण सांगा ना,” भंते म्हणाले.

सर म्हणाले, परीक्षक घ्या. पेपर कुणाचा आहे हे त्याला माहीत नसतं. मुलगा पास झाला काय, नापास झाला काय, परीक्षकाच्या पदरात काही पडत नाही. तो डिसइंटरेस्टेड. आणि जो परीक्षक जांभया देत, पानं नुसती उलटत मार्क टाकतो, तो अनइंटरेस्टेड.

“पहिला परीक्षक पेपर वाचतो?”

“वाचतोच. शब्द न् शब्द वाचावा लागतो. त्याशिवाय न्याय कसा करणार?”

“आणि दुसरा वाचत नाही.”

“नाही.”

भंतेंनी मान डोलावली. शब्द ओठांवर घोळवत ते थोडा वेळ तलावाकडे बघत बसले.

मग त्यांनी सहज विचारलं, “उत्पला काय म्हणत होती, सर?”

“लग्नाचं काहीतरी.”

“कुणाशी?”

“आहे कुणीतरी... दवाखान्यातलाच.”

“नाव काय त्याचं?”

सरांनी आठवून पाहिलं. नाव तिनं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, इतकं आठवत होतं.

“त्याची मुलगी केवढी आहे?”

“मुलगी?” सर म्हणाले. “त्याला मुलगी आहे?”

भंतेंनी पाय पुसलेलं फडकं झटकून पायरीवर वाळत टाकलं.

डोंगे काठाला लागले. माणसं जाळी खांद्यावर टाकून गावाकडे निघाली. त्यांतल्या एकानं लांबून हात जोडले, भंतेंनीही जोडले.

बऱ्याच वेळानं सरांनी विचारलं, “हे सगळं तिनं तुम्हांला सांगितलं?”

“मी विचारलं.”

“मग तुम्ही तिला काय सल्ला दिलात?”

“मी कशाला देऊ? संसार तिचा. माझं त्यात काय आहे?”

सरांच्या चेहऱ्यावरचं समाधान उतरलं. भंतेंनी ते पाहिलं आणि पायरीवर थोडं सरकून त्यांच्याजवळ बसले. त्यानंतर सर जे बोलले ते विहारात आल्यापासून कुणाशी बोलले नव्हते. कुसुमच्या शेवटच्या वर्षात ते सतत कशाची तरी वाट बघत होते. रिपोर्टची, डॉक्टरांची, तिनं दोन घास खाण्याची. ती गेली आणि एकदम सगळं थांबलं. पुढे कशाची वाट बघायची नाही, कुणाला जीव लावायचा नाही, असं ठरवावंसुद्धा लागलं नाही. मग ते इथे आले, इथली शांतता पाहिली, आणि त्यांना वाटलं, आपण ध्यानाला बसायच्या आधीच निम्मी वाट चालून आलोय.

“मी शांत झालो होतो, भंते.”

“थकला होतात,” भंते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाल्यावर भंते एक पिशवी घेऊन आले. पिशवीत सरांचा शर्ट आणि पँट होती. शिबिराला येताना ते याच कपड्यांत आले होते. कपडे धुतलेले होते, घड्या हातानं दाबून घातल्या होत्या. भंतेंनी पिशवी त्यांच्यापुढे धरली.

सरांना ती घेववेना. “मला काढून टाकताय?”

“पाठवतोय.”

“परत केव्हा येऊ?”

“हे कपडे तिकडे मळू द्या,” भंते म्हणाले. “मग या.”

सरांनी चीवर उतरवलं, घडी करून भंतेंच्या हातात दिलं आणि फाट्यावर जाऊन बस पकडली.

उत्पलाचं क्वार्टर रुग्णालयाच्या मागेच होतं. तिनं दार उघडलं. डोकं मुंडवलेलं, अंगात शर्ट-पँट... वडिलांना असं पाहून ती घाबरलीच. बरं नाही का, म्हणून तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बसमध्ये सरांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. तिच्या हातानं ते सगळं पुसून गेलं.

“नाव काय त्याचं?” ते दारातच म्हणाले.

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती बाजूला झाली आणि त्यांना आत घेतलं.

त्याचं नाव भूषण रामटेके. रुग्णालयाच्या लॅबमध्ये होता, तीन वर्षांची ओळख. त्याची बायको मुलगी लहान असतानाच तापाचं निमित्त होऊन गेली होती. मुलगी आता सहा वर्षांची, आर्या. उत्पलानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. पिंपळाखाली ती अडखळली होती, इथे अडखळली नाही, कारण सर मध्ये मध्ये विचारत होते. तो चिडतो का? आर्याला शाळेत कोण सोडतं? तुला आवडतो, की त्याची कीव येते?

शेवटच्या प्रश्नावर ती जरा हसली. आवडतो, म्हणाली.

मग तिनं मुलीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा ती त्यांच्या घरी गेली तेव्हा आर्या दिवसभर पडद्यामागून बाहेर आली नाही. हाका मारल्या, खाऊ दाखवला, काही नाही. दुपारी उत्पला चटईवर जरा आडवी झाली. डोळे मिटलेले होते. पावलं वाजली. आर्यानं स्वतःची छोटी उशी तिच्या डोक्याजवळ सरकवली आणि पळून गेली.

“त्या उशीनं माझी पंचाईत केली, बाबा.”

सर ऐकत होते. किती महिन्यांनी, किंवा वर्षांनी, कोण जाणे, पण त्यांना पुढचं ऐकायची घाई झाली होती.

“मग अडचण काय आहे?” त्यांनी विचारलं.

अडचण एवढीच होती की भूषणची बदली झाली होती. तो आणि आर्या अहेरीला गेले होते. लग्न करायचं तर तिलाही तिकडे बदली मागावी लागणार होती.

अहेरी. म्हणजे गडचिरोलीच्याही पुढे. सकाळी निघालं तर दिवस बसमध्ये जाणार.

सरांच्या मनात एकदम कारणांची गर्दी झाली. दुसऱ्याचं मूल वाढवणं सोपं नसतं. तिकडे पावसाळ्यात रस्ते बंद होतात. इथली नोकरी, इथली ओळखीची माणसं. तीन वर्षांची ओळख म्हणजे काही फार नव्हे. एकेक कारण पटण्यासारखं होतं. ते सावरून बसले, घसा खाकरला, वर्गात बोलायचे तशा आवाजात सुरुवात केली.

“हे बघ, उत्पला. अगदी निःपक्षपातीपणे सांगायचं तर...”

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना.

या शब्दाचा, डिसइंटरेस्टेडचा, अर्थ त्यांनी हजारो मुलांना सांगितला होता. आदल्या दिवशी पायरीवर बसून भंतेंनाही सांगितला होता. आता तो तोंडात होता आणि खोटा होता, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

उत्पला वाट पाहत होती.

“तू जाऊ नयेस असं वाटतं,” ते म्हणाले. आवाज वर्गातला राहिला नव्हता. “पण ते तुझ्यासाठी नाही वाटत. माझ्यासाठी वाटतं.”

ती जरा पुढे सरकून बसली.

“मी म्हणत होतो, सगळं सोडून विहारात गेलो. तू तासाभराच्या वाटेवर आहेस, हे धरून सोडलं होतं.”

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. चाकांचा आवाज लांब गेला.

“आणि माझ्यासाठी काय वाटतं?” उत्पलानं विचारलं.

सरांनी उत्तराची घाई केली नाही. अहेरीचा रस्ता बाजूला ठेवला. आपलं म्हातारपण बाजूला ठेवायला जास्त वेळ लागला. ते पुन्हा पुन्हा पुढे येत होतं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त चटईवर झोपलेली आपली मुलगी उरली, आणि पडद्यामागची दुसरी.

“जा,” ते म्हणाले. “बदलीचा अर्ज कर.”

उत्पला उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ आला नाही. मग आला. थोड्या वेळानं तिनं दारातून डोकावून, जरा भीत भीतच विचारलं, संध्याकाळचं जेवण तुम्हांला चालतं का? विहारात दुपारनंतर जेवत नाहीत, हे तिला माहीत होतं.

“आज चालतं,” सर म्हणाले.

भात होता, लाखोळीची डाळ होती. त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

ते तिथे काही आठवडे राहिले. पहिल्याच रविवारी भूषण आर्याला घेऊन भेटायला आला. बोलताना तो सारखा चष्मा पुसत होता, त्यावरून सरांनी ओळखलं की घाबरला आहे. मग त्यांनी त्याला फार छळलं नाही. आर्या आल्या आल्या पडद्याआड गेली. पण मुंडण केलेलं डोकं तिनं कधी पाहिलं नसावं. पाणी द्यायचं निमित्त करून ती जवळ आली आणि बोटाचं टोक सरांच्या टाळूला लावून पाहिलं. टोचतं, म्हणाली. तिच्या तोंडून सरांनी ऐकलेला हा पहिला शब्द.

लग्नाची तारीख ठरली. बदली मंजूर झाली. सामान किती न्यायचं, काय इथेच देऊन टाकायचं, हे बघता बघता कुसुमचा पाटा-वरवंटा निघाला. उत्पला म्हणाली, एवढं वजन कशाला न्यायचं? सर म्हणाले, हा न्यायचाच. त्यांनी तो स्वतः गोणपाटात बांधला.

मग ते विहारात परतले.

भंते फुलझाडांच्या आळ्यांत पाणी घालत होते. सरांच्या शर्टावर डाळीचा डाग होता, बाहीला गोणपाटाचे धागे चिकटले होते. भंतेंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाण्याची बादली खाली ठेवली. हात धरून त्यांना सावलीत नेऊन बसवलं.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. आर्या बोलली का? भूषणच्या घरी म्हातारं कुणी आहे का? अहेरीला राहायची सोय कशी आहे? या वेळी सरांना सगळं माहीत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. मनात आधी कुठली कारणं उभी राहिली आणि कुठला शब्द घशात अडकला, तेही सांगितलं.

उपसंपदेचं त्यांनी काढलं नाही. बोलता बोलता ते थांबले. पुढचं सांगावं की नाही, असं त्यांना झालं होतं.

“हिशेब काही जमत नाही, भंते,” अखेर ते म्हणाले. “इथून गेलो तेव्हा मला कशाचं काही वाटत नव्हतं. आता ती लांब जाणार म्हणून जीव तुटतो, आणि तिचं भलं होतंय म्हणून बरंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी. आज येताना बसमध्ये रडलो. लोक बघत होते. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली...”

भंते ऐकत होते.

“इतके दिवस डोळे मिटून बसलो, आणि मिळवलं काय? तर हे.”

भंतेंनी हात पुढे केला आणि त्यांच्या बाहीवर चिकटलेला गोणपाटाचा एक धागा काढला. मग दुसरा काढला.

“तुम्हांला लवकर मिळालं, सर,” ते म्हणाले. “मला फार वर्षं लागली.”